मुठीतली जुनी स्प्रिंग

९ जानेवारी

एमिलने आज रेंजवर सगळ्यांना उभं करून सांगितलं. सांगताना त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाच ओळखलं की हे माझ्यासाठी आहे. एप्रिलमध्ये वसंत स्पर्धा. सहाशे गुणांपैकी जो पाचशे चाळीस मारणार नाही, त्याच्या नावावरचं पिस्तूल क्लब परत घेणार आणि तरुणांना देणार. याच एमिलला चाप कसा ओढायचा ते मी शिकवलं. आता तो क्लबचा प्रमुख आहे आणि मला अजून आगाय म्हणतो, म्हणजे मास्तर. म्हणू दे.

पिस्तूल क्लबचं आहे, मान्य. पण चौतीस वर्षं ते दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेलं नाही. जुनं मार्गोलिन, माझ्याहून थोडंच लहान. एकदा अडकलं नाही, एकदा दगा दिला नाही. अक्रोडाची मूठ मी स्वतः कोरली, लाकडाची लांबी भरून, कानस मारून, माझ्या पंज्याच्या मापाची. दुसऱ्या कुणी धरली तर त्याचं बोट कुठे ठेवायचं ते त्याला कळत नाही. हे गेलं तर रेंजवर जायचं कारणच उरत नाही, आणि रेंज नसेल तर मी कोण? काराकोलच्या बाजारात सफरचंदाच्या भावावरून घासाघीस करणारा आणखी एक म्हातारा.

आज पाचशे बावीस. शेवटच्या गोळ्या सगळ्या खाली, डावीकडे. थंडी फार होती.

१४ जानेवारी

हारसानशी बोललो. हारसान आमच्या क्लबचा पिस्तुलं दुरुस्त करणारा. चिनी मुळाचा दुंगान माणूस, तोंड कधी बंद नाही. भावाच्या आशल्यान-फूच्या, म्हणजे थंड तिखट शेवयांच्या, गाडीवर नवी मिरची आली तेही सांगणार आणि नळी साफ करायचं तेल कुठून येतं तेही. त्याच्या कपाटात मार्गोलिनचे नवे भाग पडून आहेत. मुठीच्या आत बसते ती घोड्याची स्प्रिंग आणि चापाचा खटका, दोन्ही तेलकट कागदात गुंडाळलेले, कधी वापरलेले नाहीत.

बसवू का, म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. चालतंय त्याला कशाला हात लावायचा? माझी स्प्रिंग माझ्या बोटाला ओळखते. ती मी पिस्तूल हाती आलं त्याच वर्षी बसवली आणि टाचणीने तिच्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर ओरखडलं. मग तो बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसला. म्हटलं, काय बघतोस? तर म्हणाला, “काही नाही तुर्दुके, चेहरा टवटवीत दिसतोय तुमचा.” हात बघून चेहऱ्याचं सांगतो. बडबड्या माणसाचं असंच.

त्याचं ते तेलही भेसळीचं. पूर्वी बाटली उघडली की दारापर्यंत वास यायचा. आता नाक बाटलीत घातलं तरी काही नाही.

२१ जानेवारी

शेजारच्या ओसमोनला बघायला गेलो. त्याच्या पोटात ते झालंय. सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्याला सोडून. त्याच्या मुलांनी डॉक्टरांकडून ऐकलं आणि घरच्यांनी बसून ठरवलं की सांगायचं नाही. आमच्यात तसंच असतं. ज्याचं दुखणं त्याला शेवटी कळतं, तेही कळलंच तर. मी त्याला म्हटलं, वसंतात तळ्यावर मासे पकडायला जाऊ. त्याने हो म्हटलं. त्याच्या बायकोने मला बाहेर येऊन मिठी मारली, छान बोललात म्हणाली. आपण चांगलं काम केलं असं वाटत घरी आलो.

जीपार, बायको माझी, हल्ली बहिरी झालीय. एक गोष्ट तीन तीनदा सांगावी लागते. आज ओरडलो तर म्हणते, अहो, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. बायका स्वतःची चूक कधी मान्य करत नाहीत.

२ फेब्रुवारी

पाचशे आठ.

लिहायला नको होतं, पण लिहिलं.

५ फेब्रुवारी

तीन दिवस विचार केला. मी नेम धरतो, नळीच्या टोकावरची नेमाची माशी काळ्या गोलाच्या बुडाशी येते, आणि चाप ओढायच्या क्षणी सगळं हलतं. हे हात करत नाही. हात चौतीस वर्षांत कधी हलला नाही. स्प्रिंग थकलीय, म्हणून घोडा उशिरा पडतो, आणि तेवढ्यात माशी सरकते. साधा हिशेब आहे.

पण बदलायची तर भीतीही वाटते. नवी स्प्रिंग कडक असेल. बोटाला नव्याने शिकवावं लागेल, आणि या वयात बोट शिकेल का? बिघडलं तर दोष कुणाला देऊ? जीपारला विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला हवं तसं करा. आयुष्यात पहिल्यांदा वाद न घालता म्हणाली.

तिने ओतलेला चहा पियाल्याच्या तळाशी होता. म्हटलं, किती मान देणार आहेस मला? पाहुण्याला पियाला अर्धा भरून द्यावा, पुन्हा पुन्हा मागायची संधी द्यावी, हा आपला मान. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ, उठा आता. गेल्या वर्षी तिचा चुलतभाऊ आठवडाभर हलेना, तेव्हा तिने हसत त्याचा पियाला काठोकाठ भरला होता आणि तो संध्याकाळच्या गाडीने गेला. मला मात्र दोन घोट देते. नवऱ्याला एवढा मान आमच्या गल्लीत कुणी देत नाही.

९ फेब्रुवारी

जीपारला दवाखान्यात नेलं, कानासाठी. ती आधी येईना, मग काय मनात आलं कोण जाणे, लगेच तयार झाली. डॉक्टर बाई तरुण आहे. जीपारचे कान तपासून म्हणाली, ठणठणीत आहेत. मग माझ्याकडे वळली. म्हणे, अंगठा आणि बोट भराभर जुळवून दाखवा. म्हणे, त्या भिंतीपर्यंत चालून या. म्हणे, नाव लिहा. मी म्हटलं, पेशंट ती आहे. ती हसली आणि म्हणाली, तरीपण. रिकामे डॉक्टर दिसतात हे. मग जीपारला आत घेऊन बसली. मी बाहेर बाकावर. पाऊण तास बसलो, कान दुखत नसताना एवढं काय बोलायचं असतं?

जीपार बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. औषधाचा वास डोळ्याला झोंबला म्हणाली. मला तर वास आला नाही.

१० फेब्रुवारी

ठरलं. हारसानला सांगितलं, नवी स्प्रिंग बसव. तो म्हणाला, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तो म्हणाला, उद्या या.

जीपारने जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्यात. दिवसातून तीनदा. बाटलीवरचा कागद सोललेला आहे, स्वस्तातला माल असणार. तिच्या समाधानासाठी घेतो.

२७ फेब्रुवारी

पाचशे छत्तीस! काय फरक आहे! उगाच इतके दिवस अडून बसलो. नव्या स्प्रिंगने घोडा कसा झटकन पडतो. हात दगडासारखा. हारसानला मिठी मारली. त्याने डोळे पुसले. हा माणूस वय वाढेल तसा हळवा होत चाललाय.

घरी चालत आलो. बर्फ वितळतोय, सगळीकडे चिखल. दोन पियाले चहा प्यायलो आणि जीपारला म्हटलं, बघितलंस? हाताला काही झालेलं नाही. सगळं स्प्रिंगचं होतं. ती म्हणाली, “गोळ्या घेतल्या का?” बायकांना जगात काय चाललंय याचं भान नसतं.

१३ मार्च

आता खटकाही बदलून घ्यावा असं वाटतंय. स्प्रिंगने इतकं दिलं तर खटक्याने उरलेलं मिळेल. हारसान कुरकुरला. म्हणे, आहे ते चांगलं आहे, आता नको. मी म्हटलं, आधीही हेच म्हणत होतो आणि महिना फुकट गेला. शेवटी तयार झाला. परवा बसवून देतो म्हणाला.

गोळ्यांनी मळमळतं. आज सकाळची घेतली नाही. दुपारचीही.

२१ मार्च

नोरुझ, वसंतातलं नवं वर्ष. जीपारने घरभर अर्चाच्या, म्हणजे जुनिपरच्या, डहाळ्यांचा धूर फिरवला, प्रत्येक कोपऱ्यात. या वर्षीची अर्चा निकृष्ट, धूर नुसता डोळ्यात जातो, वास नाही. मुलीचा मॉस्कोहून फोन आला, चित्र दिसतं त्या फोनवर. नातवाने विचारलं, आजोबा रागावलेत का? मी म्हटलं, नाही रे, खूश आहे. तो म्हणाला, मग हसत का नाहीत? मी तर हसत होतो.

गोळ्या सिंकमध्ये टाकतो रोज एक एक. तिला वाटतं घेतोय. पोट आता बरं आहे.

२८ मार्च

पाचशे तीन.

खटका बदलल्यापासून सगळं बिघडलं. मी म्हटलं होतं ना? नाही, मी नाही म्हटलं, हारसान म्हणाला होता. आता हेही माझ्याच माथी.

३१ मार्च

मूठ. मूठच असणार. रेंज तळघरात, वसंतात भिंती पाझरतात. लाकूड फुगलंय. पंजा पूर्वीसारखा बसत नाही, अंगठा घसरतो. हारसानला म्हटलं, मूठ घासून दे. तो म्हणाला, लाकूड आधी वाळू द्या. काल म्हणाला होता, कानस बोथट आहे. त्याआधी म्हणाला, भावाच्या गाडीवर काम आहे. पिस्तुलाला हात लावायचा सोडून सगळं करतो.

तिथे बेगाइमही होती, ती पोलिसातली पोरगी, पंचवीस-सव्वीसची. चांगली मारते. दुसऱ्याचं पिस्तूल मागून मारते, कारण तिच्या नावावर नाही. मी पोचलो तर खुर्ची सोडून उठली आणि माझ्या बुटांची नाडी बांधायला वाकली. मी म्हटलं, मला हात आहेत. ती लाल झाली. नंतर वाईट वाटलं, पण मी कुणाला सांगितलं होतं नाडी बांध म्हणून?

या वहीचं एक बरं आहे, संपतच नाही. जानेवारीत एका पानात एक दिवस मावायचा, आता तीन मावतात. पेन चांगलं मिळालंय, बारीक लिहितं.

४ एप्रिल

आज हारसान जेवायला गेला असताना त्याच्या टेबलावर बसलो आणि मूठ स्वतःच काढायला घेतली. स्क्रूची खाच झिजलीय, पेचकस पुन्हा पुन्हा घसरत होता. फार वेळ लागला. शेवटी मूठ निघाली.

आत स्प्रिंग. स्प्रिंगवर ओरखडा. माझ्या नावाचं पहिलं अक्षर.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खटका बघितला. तोही जुनाच, कडेला तोच काळा डाग. मला इतका राग आला की हात थांबेना, स्प्रिंग हातातून खाली पडली आणि टेबलाखाली गेली. मी गुडघ्यावर बसून ती शोधत होतो तेव्हा हारसान आला.

मी म्हटलं, फसवलंस मला. म्हटलं, नवे भाग कुठे विकलेस? त्याने कपाट उघडलं आणि दोन्ही पुड्या माझ्यासमोर ठेवल्या, तेलकट कागदासकट, न उघडलेल्या.

“चांगल्या पिस्तुलात काय बदलू, तुर्दुके?” तो म्हणाला. “त्याला काही झालंच नव्हतं.”

“मग बिघडलंय काय?”

वीस वर्षांत मी या माणसाला गप्प बघितलेलं नाही. तो टेबल पुसायला लागला, जिथे पुसायची गरज नव्हती तिथे.

मी म्हटलं, सगळं पुन्हा जोड आणि शिकंज्यात लाव. त्याला नको होतं. मी लावायला लावलं. त्याने पिस्तूल लोखंडी शिकंज्यात आवळलं, टारगेटवर रोखलं, आणि आम्ही चापाला दोरी बांधून गोळ्या सोडल्या, माणसाचा हात न लावता. टारगेट आणलं. सगळ्या गोळ्या एकाच भोकात, अंगठ्याने झाकलं जाईल एवढ्या.

फेब्रुवारीत मग काय झालं होतं, असं विचारणार होतो. तेवढ्यात बाटलीवरचा सोललेला कागद आठवला.

४ एप्रिल, घरी आल्यावर

जीपार कणीक मळत होती. टारगेट तिच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, कधीपासून माहीत आहे?

तिने हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, “कान दाखवायला गेलो त्या दिवसापासून.”

“आणखी कुणाला?”

तिने सगळ्यांची नावं घेतली. हारसान. एमिल. मुलगी. बेगाइम. ओसमोनच्या बायकोलासुद्धा माहीत आहे. म्हणजे ओसमोनला माझं माहीत आहे आणि मला त्याचं, आणि आम्ही दोघं वसंतात मासे पकडायला जाणार आहोत.

आजाराचं नाव तिने सांगितलं. इथे लिहिणार नाही. बरा होत नाही, म्हणाली, पण गोळ्यांनी थोडे दिवस हात शांत राहतो. मग पुढे तेवढाही राहत नाही. सिंकमध्ये टाकलेल्या गोळ्यांचं मी तिला सांगितलं. ती खाली बसली आणि रडली, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. राग होता तोपर्यंत बरं होतं. राग गेल्यावर खाली काहीच नव्हतं.

म्हटलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, “तुम्ही स्प्रिंगवर इतके खूश होतात.”

१९ एप्रिल

स्पर्धा. गोळ्या पुन्हा घेतोय, पण पंधरा दिवसांत पूर्वीसारखं आलं नाही. डॉक्टर बाई म्हणते वाट बघा. एप्रिल वाट बघत नाही.

पहिल्या दहा बऱ्या गेल्या. दुसऱ्या दहांत हात उचलला आणि माशी काळ्या गोलात येईना. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी श्वास धरला, सोडला, पुन्हा धरला. गोळी टारगेटच्या लाकडी चौकटीत लागली. सगळ्यांनी आवाज ऐकला. पुढची जमिनीत गेली असती, किंवा कुणाच्या अंगात. मी मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे ते दाखवलं, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि हात वर केला.

एमिल भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

२६ एप्रिल

एमिल आणि हारसान चहाला आले. जीपारने कणकेचे बोरसोक तळले, जाम काढला, टेबलावरचं कापड बदललं. एमिल इकडचं तिकडचं बोलत राहिला. रेंजच्या भिंतीचं, पावसाचं. मग म्हणाला, आगाय, पिस्तूल बेगाइमच्या नावावर करतोय. मी म्हटलं, कर. तो म्हणाला, “एक विचारायचं होतं. ते नवे भाग तिला बसवून देऊ का? तुम्ही सांगाल तसं.”

जानेवारीपासून मी याच प्रश्नावर डोकं फोडत होतो. आता उत्तर द्यायला एक क्षणही लागला नाही.

“आत काही बदलू नका,” म्हटलं. “मूठ तेवढी बदला.”

हारसानने खिशातून मूठ काढली. आधीच काढून आणली होती, कोरड्या फडक्यात गुंडाळून. माझ्यासमोर ठेवली. मी उचलली. अंगठा त्याच्या खळग्यात गेला, बोटं त्यांच्या त्यांच्या जागी गेली. लाकूड मुळीच फुगलेलं नव्हतं. मूठ हातात होती आणि हात तिच्यासकट हलत होता, आणि तिघंही बोरसोककडे बघत होते.

मी जीपारला म्हटलं, एमिलचा पियाला भर, काठोकाठ. ती थबकली, मग तिने भरला. एमिलला कळलं. त्याने उभ्यानेच एक घोट घेतला, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि दोघं गेले. फाटक हारसानने ओढून घेतलं.

“आता माझाही भर,” मी जीपारला म्हटलं. “वरपर्यंत.”

तिने दूध घातलं, चहाची किटली उचलली. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तिचे कान ठणठणीत आहेत, डॉक्टरांनी तपासलेत. तिला ऐकू आलं नाही. तिने दोन घोट ओतले आणि पियाला माझ्या हाताशी सरकवला.